प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी किलिमांजारो मोहीम : वर्गणी कोणाकडे मागावी आणि लोकांना सांगावे तरी काय?

रेडिंगकर (मूळ प्रश्न)

मी मूळचा पुण्याचा, सिंहगड रस्त्यावर वाढलेला, आणि गेली चौदा वर्षे नोकरीनिमित्त इंग्लंडमधील रेडिंग येथे राहतो. आमच्या कार्यालयातील नऊ जणांनी पुढील वर्षी टांझानियातील किलिमांजारो पर्वतावर जाण्याचे ठरवले आहे. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे आपण सारे ज्याला प्रोस्टेट म्हणतो तिच्या, कर्करोगाविषयी जागृती करावी आणि या आजारावर काम करणाऱ्या येथील एका धर्मादाय संस्थेला निधी मिळवून द्यावा, असा या मोहिमेचा हेतू आहे. कल्पना ज्याची आहे त्या सहकाऱ्याला बावन्नाव्या वर्षी या आजाराचे निदान झाले. शस्त्रक्रियेनंतर तो उत्तम आहे आणि आता आम्हा सर्वांना धावायला लावत आहे. माझ्या वडिलांनाही ७१व्या वर्षी हाच आजार निघाला असल्यामुळे मला नाही म्हणणे शक्यच नव्हते.

ब्रिटनमध्ये अशा चढायांचे कोणाला नवल वाटत नाही. मार्च २००९ मध्ये संगीत आणि दूरचित्रवाणी क्षेत्रातील नऊ नामवंतांनी आफ्रिकेतील मलेरियाविरोधी कामासाठी किलिमांजारो सर केला आणि त्यातून ३० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली, तेव्हापासून तर हा पर्वत म्हणजे निधी गोळा करण्याची रुळलेली वाटच झाली आहे. माझी अडचण पुढची आहे. आम्हाला सहल कंपनीने जी योजना दिली आहे, तिच्यानुसार प्रत्येकाने ५,००० पौंड जमवायचे आणि त्यातील जवळजवळ निम्मी रक्कम त्याच्याच प्रवासावर, परवान्यांवर आणि हमालांवर खर्च व्हायची. इंग्रज सहकाऱ्यांना यात काही वावगे वाटत नाही. मला मात्र पुण्यातील मामांना, आत्याला आणि शाळेच्या वर्गमित्रांना वर्गणीसाठी संदेश पाठवताना हात आखडतो आहे, कारण त्यांच्या पैशावर मी आफ्रिकेत फिरून येणार, असाच त्याचा अर्थ निघू शकतो.

दुसरा प्रश्न जागृतीचा आहे. आमच्या पत्रकावर 'आठ पुरुषांपैकी एकाला हा आजार होतो' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असून खाली रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, धार कमी होणे अशी लक्षणे आणि 'आजच पीएसए चाचणी करा' (रक्तातील एका प्रथिनाची चाचणी) असा सल्ला आहे. याचे मी मराठीत भाषांतर करून पुण्यातील लोकांना पाठवावे, असे संघातील सर्वांचे म्हणणे आहे. हे भाषांतर जसेच्या तसे करावे का? शिवाय पुरुषांच्या आरोग्यासाठी नोव्हेंबरमध्ये मिशा वाढवण्याची जी जगप्रसिद्ध मोहीम असते, तिच्याशी जोडून नोव्हेंबरातच चढाई करावी असा विचार चालू आहे. संघातील एक गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे आहेत आणि वाढलेल्या प्रोस्टेटसाठी रोज गोळी घेतात. त्यांच्याबाबत कोणती काळजी घ्यावी, हेही जाणकारांनी सांगावे.

सह्यभटका

मी सत्तावन्नाव्या वर्षी वाढलेली ग्रंथी आणि तिच्यावरची गोळी बरोबर घेऊन किलिमांजारो चढून आलो आहे, त्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नावर थोड्या अधिकाराने लिहितो.

प्रथम महिन्याविषयी. त्या पर्वतावर पावसाचे दोन हंगाम असतात, मार्च ते मे असा मोठा आणि नोव्हेंबरच्या सुमारास लहान. मिशांची मोहीम २००३ साली मेलबर्नमध्ये तीस जणांनी गमतीत सुरू केली, तेव्हा त्यांनी किलिमांजारोचे हवामान पाहिले नव्हते, आपण पाहावे. सप्टेंबर हा तेथील कोरडा महिना आहे आणि अनेक देशांत याच कर्करोगाच्या जागृतीचा महिनाही तोच आहे. तेव्हा निमित्त सोडावे लागत नाही आणि चिखलही तुडवावा लागत नाही.

आपण सिंहगड रस्त्यावर वाढलात हे चांगलेच आहे, पण सह्याद्रीची सवय तेथे थोडी आडवी येते, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे दमसास आणि पाय चांगले असले की माणूस भराभर वर जातो. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, आणि किलिमांजारोच्या माचामे मार्गाचे प्रवेशद्वारच साधारण १,८०० मीटरवर आहे. म्हणजे आपले डोंगर जेथे संपतात त्याच्याही वर तेथील पहिले पाऊल पडते. ५,८९५ मीटरवरील उहुरू या सर्वोच्च शिखरावर प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो आणि तेथे तंदुरुस्ती फारशी कामाला येत नाही. कामाला येतात ते दिवस. मारांगु मार्गाने पाच दिवसांत जाऊन येता येते आणि ते स्वस्तही पडते, परंतु आपण सात दिवसांचा माचामे किंवा आठ दिवसांचा लेमोशो मार्ग घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. या मार्गांवर एका दिवशी सुमारे ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढवून त्याच संध्याकाळी ३,९०० मीटरच्या आसपास असलेल्या बारांको तळावर उतरवतात. चढलेली उंची पुन्हा का गमवायची, असे त्या वेळी वाटून चिडचिड होते, पण उंचीशी शरीराची ओळख अशीच होते. तेथील वाटाडे दिवसभर 'पोले पोले', म्हणजे सावकाश, असे म्हणत राहतात. आमच्या गटातील दोघांनी ते पहिले दोन दिवस हसण्यावारी नेले. शिखराच्या रात्री त्यांतील एकाला डोके दुखून, उलट्या होऊन, तोल जाऊ लागल्यामुळे अर्ध्या वाटेवरून खाली आणावे लागले. तोल जाऊ लागला की औषध शोधत बसायचे नसते, तत्काळ खाली उतरायचे असते, हे नऊच्या नऊ जणांना तोंडपाठ असू द्या.

आता अठ्ठावन्न वर्षांच्या गृहस्थांविषयी. उंचीचा त्रास टाळण्यासाठी अनेक जण ॲसिटाझोलामाइड घेतात. या गोळीने लघवीचे प्रमाण वाढते, बोटांना मुंग्या येतात आणि सोडा बेचव लागतो. आधीच रात्री तीनदा उठणारा माणूस तंबूत पाच-सहा वेळा उठू लागतो, बाहेर शून्याखाली तापमान असते आणि अंधारात बूट सापडत नाहीत. त्यामुळे रुंद तोंडाची वेगळी बाटली तंबूत ठेवणे हा चेष्टेचा विषय नाही. (तिच्यावर खूण करा. ती का करावी, हे मी येथे लिहिणार नाही.) प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांनी एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते आणि शरीरातील पाणी कमी झालेले असताना ती अधिक येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सर्दी झाली म्हणून संघातील कोणाकडून नाक मोकळे करणारी गोळी घेऊ नये, कारण स्यूडोएफेड्रिनसारख्या औषधांनी आणि जुन्या पद्धतीच्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी वाढलेल्या ग्रंथीच्या माणसाची लघवी पूर्ण अडू शकते. चार हजार मीटरवर, जेथे नळी घालणारा कोणी नाही, तेथे हे घडले तर काय होईल याची कल्पना करा. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या मूत्ररोगतज्ज्ञांना सर्व औषधांची यादी दाखवावी.

जाता जाता हमालांविषयी एक गोष्ट. किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाच्या नियमाप्रमाणे एका हमालाने २० किलोपेक्षा अधिक ओझे न्यायचे नसते आणि प्रवेशद्वारावर वजन होते, तरीही स्वस्त सहलींत कपात होते ती त्यांच्याच जेवणात, तंबूत आणि मजुरीत. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था हमालांना न्याय्य वागणूक देणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. आपली कंपनी त्या यादीत आहे का, हे पाहावे. धर्मादाय मोहिमेने तरी हे पाहायलाच हवे.

उगाच_शंका

प्रश्न थोडा कडवट आहे, रागावू नये. नऊ जणांच्या प्रवासाचा खर्च वीस हजार पौंडांच्या पुढे जाणार. तेवढी रक्कम घरी बसून थेट संस्थेला दिली, तर कर्करोगाचे अधिक भले होणार नाही का? डोंगर चढण्याचा आणि प्रोस्टेटचा संबंध काय?

निवृत्त_शल्यक

मी तीस वर्षे मूत्ररोगशल्यक म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. 'उगाच_शंका' यांची शंका उगाच नाही, पण तिचे उत्तर मला पेशातून मिळाले आहे. प्रोस्टेटविषयीच्या व्याख्यानाला पंधरा माणसे येत आणि त्यांतील दहा आधीच रुग्ण असत. शेजारचा माणूस ओझे पाठीला लावून आफ्रिकेतील डोंगर चढणार असला, तर त्याला कारण विचारायला पन्नास जण थांबतात. त्या पन्नास जणांची दहा मिनिटे आपल्या हाती येतात. मात्र त्या दहा मिनिटांत चुकीचे सांगितले, तर मोहीम न केलेली बरी, आणि रेडिंगकर, आपले पत्रक मला त्याच दिशेने जाताना दिसते.

'आठांपैकी एक' हे प्रमाण ब्रिटनमधील पुरुषांचे आहे. त्याच देशात कृष्णवर्णीय पुरुषांसाठी ते चारांपैकी एक आहे आणि आशियाई वंशाच्या पुरुषांसाठी साधारण तेरांपैकी एक. भारतात राहणाऱ्या पुरुषांमध्ये ते याहूनही बरेच कमी आहे. आकड्याला पत्ता असतो. रेडिंगचा आकडा पुण्यात वाटला, तर लोक एक तर घाबरतील किंवा काही वर्षांनी आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. याचा अर्थ आपल्याकडे हा आजार दुर्मिळ आहे असाही नाही. पुणे, मुंबई, दिल्ली या शहरांच्या कर्करोग नोंदींत पुरुषांच्या कर्करोगांमध्ये त्याचे स्थान वरच्या काही क्रमांकांत आहे, आणि आपल्याकडील खरी चिंता अशी की रुग्ण येतो तेव्हा अनेकदा आजार हाडांपर्यंत पोहोचलेला असतो. आपण ज्या देशात चढायला जात आहात, त्या टांझानियात तर पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. आपले ओझे वाहणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत चार शब्द सांगण्याची सोय झाली, तर तेही पत्रकाइतकेच मोलाचे होईल.

लक्षणांची यादी ही दुसरी चूक आहे आणि ती फार सार्वत्रिक आहे. वयानुसार ग्रंथी वाढते ती प्रामुख्याने मूत्रमार्गाला वेढणाऱ्या आतल्या भागात, म्हणून मार्ग दाबला जातो, धार बारीक होते आणि रात्री उठावे लागते. कर्करोग बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदद्वाराकडच्या भागात सुरू होतो आणि तेथे तो बराच काळ कोणालाही त्रास न देता वाढू शकतो. त्यामुळे रात्री उठणाऱ्या बहुसंख्य पुरुषांना कर्करोग नसतो आणि प्रारंभीचा कर्करोग असलेल्या बहुसंख्य पुरुषांना रात्री उठावे लागत नाही. आपले पत्रक पहिल्यांना विनाकारण घाबरवते आणि दुसऱ्यांना विनाकारण निश्चिंत करते.

राहिली पीएसए चाचणी. पीएसए हे प्रथिन वीर्य पातळ ठेवण्यासाठी ग्रंथीत तयार होते आणि थोडे रक्तात झिरपते. कर्करोगात ते वाढते, परंतु साध्या वाढीत, जंतुसंसर्गात, लांबवर सायकल चालवल्यावर आणि वीर्यस्खलनानंतरही वाढते. आकडा वाढलेल्या चार पुरुषांपैकी साधारण तिघांना कर्करोग नसतो आणि आकडा ठीक असलेल्या सातांपैकी एकाला असू शकतो. वाढलेल्या ग्रंथीसाठी फिनास्टेराइड घेणाऱ्या माणसात हा आकडा निम्म्यावर येतो. ते डॉक्टरांना सांगितले नाही, तर अहवाल फसवा ठरतो. युरोपातील मोठ्या तपासणी अभ्यासात सोळा वर्षांच्या अखेरीस असे दिसले की एक मृत्यू टाळण्यासाठी ५७० पुरुषांना तपासणीला बोलवावे लागले आणि अठरा जास्तीचे निदान झाले. त्या अठरांतील अनेकांचा आजार त्यांना आयुष्यभर सतावलाही नसता. उलट बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमधील निदान झालेल्या १,६४३ पुरुषांना केवळ देखरेख, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार असे तीन गटांत विभागून पंधरा वर्षे पाहिले गेले. त्याचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेले सुमारे तीन टक्केच होते. म्हणजे निदान झाले की लगेच सुरी चालवायची, असे आता राहिलेले नाही. आधी एमआरआय, मग गरज असेल तर तुकडा तपासणी, आणि सौम्य आजारात नियमित देखरेख, हा मार्ग प्रतिष्ठित झाला आहे.

म्हणून 'आजच चाचणी करा' या वाक्याऐवजी 'पन्नाशी उलटली असेल, किंवा वडील वा भाऊ यांना हा आजार झाला असल्यास पंचेचाळिशीपासून, चाचणी करावी की नाही हे आपल्या डॉक्टरांशी बसून ठरवा' असे लिहावे. वाक्य लांब आहे आणि फलकावर मावत नाही, हे मला मान्य आहे. डोंगर चढणाऱ्याला ते तोंडी सांगता येते, हाच तर या मोहिमेचा फायदा. आणि रेडिंगकर, वडिलांचे उदाहरण समोर असल्यामुळे या वाक्यातला दुसरा गट आपला स्वतःचा आहे, हे लक्षात घ्यावे.

एक क्षुल्लक वाटणारी सूचना: मराठी फलकांवर हा शब्द हमखास 'प्रोस्ट्रेट' असा छापला जातो. 'पुरःस्थ ग्रंथी' शुद्ध असली तरी कोणी ओळखत नाही. 'प्रोस्टेट' असेच लिहावे आणि मुद्रित एकदा स्वतः तपासावे.

वृंदावनी

डॉक्टरांनी लिहिलेले सर्व मान्य करूनही मला एक वेगळी बाजू मांडायची आहे.

माझ्या यजमानांची कंबर आठ महिने दुखत होती. वय एकसष्ट. पट्टा झाला, तेल झाले, शेक झाला, गाडी चालवणे बंद करून झाले. ज्यांच्याकडे आम्ही दाखवत होतो त्यांनी त्या वयातल्या माणसाच्या कंबरदुखीत दुसरे काही असू शकते, असा विचार केला नाही, आणि आम्हालाही तो सुचला नाही. पीएसए पाहिले गेले तेव्हा आकडा शेकड्यांत होता आणि मणक्यांत आजार पसरलेला होता. त्यानंतर दर तीन महिन्यांनी पुरुषी संप्रेरक थांबवणारे इंजेक्शन सुरू झाले. त्या इंजेक्शनने आजार पुष्कळ काळ आटोक्यात राहिला, हे मी कृतज्ञतेने सांगते. परंतु भर थंडीत त्यांना अंगातून वाफा येत, घाम फुटे, रडू येई, आणि हे काय होते आहे ते कोणाला सांगावे, हेच त्यांना कळत नसे. मी एकदा म्हटले, 'हे सगळे मी पन्नाशीत सोसले आहे, तुम्ही मला विचारा.' त्या दिवसापासून आमचे या विषयावरचे बोलणे सुरू झाले. तोवर एकाच घरात राहून आम्ही दोघे दोन वेगवेगळे आजार काढत होतो.

म्हणून माझे म्हणणे असे की आपले पत्रक केवळ पुरुषांना उद्देशून का? आपल्या घरांमध्ये नवरा रात्री किती वेळा उठतो, हे त्याला माहीत नसते, बायकोला माहीत असते. डॉक्टर म्हणतात तसे रात्री उठणे हे कर्करोगाचे लक्षण नसेलही, पण आमचा माणूस डॉक्टरांची पायरी चढला असता तर त्याच कारणाने चढला असता. दुसरे कोणतेही कारण त्याला पुरेसे वाटले नसते. लक्षणांची यादी पूर्णपणे काढून टाकू नका. आणि साठीच्या पुरुषाची जी कंबरदुखी विश्रांतीने कमी होत नाही, तिचा उल्लेख जरूर करा.

हिशेबनीस

पैशांच्या प्रश्नाकडे कोणी वळलेले दिसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

ब्रिटनमध्ये 'गिफ्ट एड' या सवलतीमुळे तेथील करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स अधिक मिळतात. परंतु जमलेल्या निधीतून चढणाऱ्याच्या प्रवासाचा खर्च भागवला जात असेल, तर त्याच्या जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्या देणगीवर ही सवलत सामान्यतः मिळत नाही, कारण त्या देणगीचा लाभ नातेवाइकालाच झाला असे धरले जाते. आपण प्रवासखर्च स्वतः केलात, तर हा गुंताही सुटतो आणि मामांपुढे हात आखडण्याचे कारणही उरत नाही. बहुतेक कंपन्या स्वखर्चाने येणाऱ्यांसाठी वेगळी योजना देतात, ती मागून घ्यावी.

भारतातील नातेवाइकांचे पैसे परदेशी संस्थेला पाठवू नयेत, असे माझे मत आहे. त्यावर त्यांना येथे प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, आणि त्यांच्या रुपयाचे पौंड होईपर्यंत त्यातील काही वाटेत सांडते. मुंबईत १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे, १९५१ पासून इंडियन कॅन्सर सोसायटी आहे. पुण्याचे पैसे अशा ठिकाणी थेट जावेत. आपल्या वैयक्तिक खात्यावर किंवा मोबाइल क्रमांकावर ते जमा करून घेऊ नयेत, मग हेतू कितीही स्वच्छ असो. गणपतीच्या वर्गणीलासुद्धा लोक आधी पावतीपुस्तक पाहतात. आणखी एक बारकावा असा की आपण अजून भारतीय नागरिक असाल तर भारतातील संस्थेला बँकेतून दिलेली देणगी परकीय ठरत नाही. ब्रिटिश पारपत्र घेतले असेल, तर ती परकीय योगदानात मोडते आणि त्यासाठी नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती स्वीकारता येते.

सह्यभटका

एक सुचले म्हणून पुन्हा लिहितो. आपण शिखरावर असाल त्या आठवड्यात पुण्यातील मंडळींनी कळसूबाईची समांतर चढाई ठेवावी, असे कोणीतरी सुचवणारच आहे. कृपया ठेवू नये. सप्टेंबरात बारी गावाकडच्या त्या शिड्या ओल्या असतात, सुट्टीच्या दिवशी तेथे रांगा लागतात, आणि जाणारे सारे पंचविशीतले असतात. त्याऐवजी रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीला उभे राहावे. ज्या पुरुषांना हे सांगायचे आहे, ते पन्नास ते सत्तर वयाचे पुरुष पाऊस असो वा नसो दर रविवारी आपण होऊन सिंहगड चढतात आणि वर पिठले-भाकरी आणि दही खाऊन निवांत बसलेले असतात. एवढा तयार श्रोता कोणत्याही सभागृहात मिळणार नाही.

निवृत्त_शल्यक

वृंदावनीताईंचा मुद्दा मी मान्य करतो. मी आजाराचे शास्त्र सांगितले. माणूस दवाखान्याच्या दारापर्यंत कसा येतो, हे त्यांनी सांगितले. पत्रकात लघवीच्या तक्रारी ठेवाव्यात, मात्र त्यांच्यापुढे 'याचे कारण बहुधा साधी वाढ असते, तरीही दाखवून घ्यावे' असे वाक्य असावे, आणि कंबरेच्या व हाडांच्या न थांबणाऱ्या दुखण्याची स्वतंत्र ओळ असावी. सिंहगडावर कोणी येणार असेल, तर तासभर बसून प्रश्नांची उत्तरे द्यायला मी येईन. गुडघे पाहता मी गाडीने वर येईन, हे आधीच सांगून ठेवतो.

रेडिंगकर

आपल्या सर्वांच्या उत्तरांनंतर काल संघाची बैठक घेतली. चढाई सप्टेंबरात आणि आठ दिवसांच्या लेमोशो मार्गाने होईल. नऊपैकी सहा जण प्रवासखर्च स्वतः करण्यास तयार झाले. उरलेल्या तिघांना ते परवडणारे नाही, तेव्हा त्यांच्या देणगीच्या पानावर किती रक्कम प्रवासाला जाईल हे पहिल्याच ओळीत लिहायचे ठरले. कंपनी हमालांच्या त्या यादीत नव्हती, म्हणून बदलली, आणि दर थोडा वाढला. आमच्या अठ्ठावन्न वर्षांच्या सहकाऱ्याने औषधांची यादी डॉक्टरांना दाखवली, तेव्हा सर्दीसाठी तो नेहमी जवळ बाळगत असलेली गोळी नेमकी आपण सांगितलेल्या प्रकारातली निघाली.

पुण्यातील मंडळींकडून मी एकही पैसा मागणार नाही. त्याऐवजी दोन पानी मराठी पत्रक करतो आहे. त्यात आठांपैकी एक नाही, तेरांपैकी एकही नाही, वयाची आणि घराण्याची गोष्ट आहे. मसुदा डॉक्टरांकडे पाठवला आहे. वडिलांना विचारले, तर ते म्हणाले की सिंहगडावर ते स्वतः उभे राहतील, पण पत्रकावर नाव घालायचे नाही. आणि माझे वय त्रेचाळीस आहे. डॉक्टरांच्या त्या वाक्यातली पंचेचाळिशी दोन वर्षांवर आली आहे. बायकोने ती तारीख दिनदर्शिकेवर आताच लिहून ठेवली.

वृंदावनी

पत्रक छापून झाले की पन्नास प्रती माझ्याकडे द्याव्यात. आमच्या भिशीत बावीस जणी आहेत, आणि बहुतेकींचे यजमान साठीच्या पुढचे आहेत. पुरुषांसाठी सिंहगड ठीक आहे. आम्ही दुसऱ्या शनिवारी भेटतो.